नियम कोण बदलणार? बिटकॉइनमधल्या एका लांबलेल्या भांडणाची गोष्ट

२०१७ च्या डिसेंबरात मी एका मित्राचे दोन हजार रुपये देणं लागत होतो. ट्रिपचा हिशोब होता. त्या दिवसांत आमच्या ग्रुपमध्ये बिटकॉइनशिवाय दुसरा विषय नव्हता, आणि माझ्याकडे साधारण तेवढ्याच किमतीचं बिटकॉइन पडून होतं. म्हटलं, तेच पाठवू. वॉलेट उघडलं, मित्राचा पत्ता टाकला आणि खाली फीचा आकडा आला. पाठवायची फी जवळपास पाठवायच्या रकमेएवढीच होती. मी गुपचूप नेहमीसारखे बँकेतून पैसे पाठवले आणि विषय संपवला.

विषय माझ्यापुरता मात्र संपला नाही. कारण ही वेळ ज्या निर्णयामुळे आली होती, त्या निर्णयाच्या बाजूने मी स्वतः उभा होतो. त्याच वर्षी पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, एका जुन्या लॅपटॉपवर, मी महिनोनमहिने बिटकॉइनचा नोड चालवत होतो. बिटकॉइनच्या दुनियेत दोन वर्षांहून जास्त काळ एक भांडण पेटलं होतं. मी ज्या बाजूचा होतो ती बाजू जिंकली, आणि चार महिन्यांनी माझेच पैसे माझ्याच वॉलेटमध्ये अडकून बसले.

या भांडणाला पुढे ‘ब्लॉकसाइज वॉर’ म्हणजे ब्लॉकच्या आकाराचं युद्ध असं नाव पडलं. वरवर बघितलं तर वाद एका आकड्याचा होता. पण खरा प्रश्न असा होता, की जिथे मालक नाही, अध्यक्ष नाही, मतदारयादी नाही, तिथे नियम बदलायचा कुणी आणि कसा?

लिहिणारे आणि तपासणारे

आधी थोडी यंत्रणा समजून घेऊ. बिटकॉइन ही एक खातेवही आहे. कुणी कुणाला किती दिले याच्या नोंदी तिच्यात असतात. साधारण दर दहा मिनिटांनी नोंदींचं एक नवं पान जोडलं जातं. त्या पानाला ब्लॉक म्हणतात.

पान लिहिण्याचं काम मायनर करतात. त्यासाठी ते प्रचंड वीज आणि यंत्रं खर्च करतात, आणि बदल्यात त्यांना नवी नाणी आणि लोकांनी भरलेली फी मिळते. पण पान लिहिलं म्हणजे ते चाललं असं नाही. जगभर हजारो लोक आपापल्या संगणकावर पूर्ण वही ठेवून असतात. यांना नोड म्हणतात. आलेलं प्रत्येक पान नोड नियमांप्रमाणे तपासतो. नियम मोडलेला असेल तर ते पान फेकून देतो, मग ते लिहायला कितीही वीज जळली असो. माझा लॅपटॉप हा असा एक तपासनीस होता.

नियम बदलायचा म्हणजे हा तपासणीचा प्रोग्राम बदलायचा. आणि तो कुणाच्या संगणकावर जबरदस्तीने बदलता येत नाही. तुमच्या फोनवरचं ॲप कंपनी रात्रीत अपडेट करते आणि सकाळी उठल्यावर बटणाची जागा बदललेली असते. इथे तसं होत नाही. नवा प्रोग्राम कुणीही लिहू शकतो. तो घ्यायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं.

बदल दोन प्रकारचे असतात, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली यातच आहे. समजा सोसायटीचा नियम आहे, की रात्री अकराला गेट बंद. उद्या ठरलं, की आता दहालाच बंद. हे ज्याच्या कानावर आलं नाही अशा जुन्या वॉचमनला काहीच खटकणार नाही, कारण सगळे दहाच्या आत येताहेत आणि ते त्याच्या जुन्या नियमातही बसतं. याला सॉफ्ट फोर्क म्हणतात. नियम घट्ट होतो, जुने नोडही सोबत चालत राहतात. पण ठरलं, की गेट बारापर्यंत उघडं, तर जुना वॉचमन साडेअकराला आलेल्याला अडवणारच. हा हार्ड फोर्क. यात सगळ्यांनी एकदम नवा नियम घ्यावा लागतो. नाहीतर एका वहीच्या दोन वह्या होतात.

‘कृपया मत कळवा’

बिटकॉइनच्या आधीही मालक नसलेल्या जागी नियम ठरत होतेच. १९६९ साली इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेटवर काम करणारी विद्यापीठांतली पोरं आपसात तांत्रिक टिपणं फिरवायला लागली. स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने पहिलं टिपण एप्रिल १९६९ मध्ये लिहिलं आणि या टिपणांना नाव दिलं ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’. आपल्याला असं काही ठरवायचा अधिकार आहे की नाही याचीच या मंडळींना खात्री नव्हती. म्हणून आदेश नाही, ठराव नाही, नुसती विनंती, की बघा आणि मत कळवा. आजही इंटरनेटचे नियम याच नावाच्या कागदांत लिहिले जातात.

ही रीत पुढे पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या मंडळींनी उचलली. भाषेत बदल हवा असेल तर क्रमांक असलेला प्रस्ताव लिहायचा. तिथून ती बिटकॉइनमध्ये आली. ऑगस्ट २०११ मध्ये अमीर ताकी या प्रोग्रामरने ‘बिटकॉइन इम्प्रूव्हमेंट प्रपोजल’ची चौकट मांडली. या प्रस्तावांना सगळे ‘बिप’ म्हणतात, आणि पहिला बिप म्हणजे बिप कसा लिहावा याचाच बिप.

यातली एक गोष्ट बाहेरच्यांना पटकन कळत नाही. प्रस्तावाला क्रमांक मिळाला म्हणजे तो मंजूर झाला असं नसतं. संपादक फक्त एवढंच बघतो, की प्रस्ताव नीट लिहिला आहे ना, त्यात कारणं दिली आहेत ना. पायथनमध्ये शेवटचा शब्द सांगायला गिडो व्हान रॉसम हा भाषेचा जनक होता. बिटकॉइनचा जनक सातोशी नाकामोतो, म्हणजे ते टोपणनाव घेतलेली व्यक्ती, तोवर निघून गेली होती. डिसेंबर २०१० नंतर त्याने जाहीरपणे काही लिहिलं नाही, आणि २०११ च्या वसंतात खासगी पत्रव्यवहारही थांबला. म्हणजे प्रस्ताव लिहायची पद्धत आली, पण तो मंजूर करणारा माणूस नव्हता.

एका ओळीचा वारसा

भांडणाचं मूळ सातोशी असतानाच रुजलं होतं. २०१० च्या उन्हाळ्यात त्याने प्रोग्राममध्ये एक मर्यादा घातली, की एका ब्लॉकचा आकार १ एमबीपेक्षा जास्त नको. कारण कुठे लिहिलं नाही. कुणी खोडसाळपणे अवाढव्य पानं जोडून वही फुगवू नये, हा हेतू असावा असं बहुतेक जण मानतात.

त्याच वर्षी ऑक्टोबरात जेफ गार्झिक या प्रोग्रामरने ही मर्यादा वाढवणारा बदल तयार करून पुढे ठेवला. सातोशीचं उत्तर असं होतं, की हे वापरू नका, बाकीच्यांशी तुमचं जुळणार नाही. गरज पडली तर पुढे टप्प्याने वाढवता येईल. आणि कशी वाढवायची हे त्याने प्रोग्रामच्या दोनतीन ओळींत लिहूनही दाखवलं.

पुढे या उत्तराचा अर्थ लावण्यात वर्षं गेली. एक गट म्हणे, बघा, सातोशीला मर्यादा तात्पुरतीच हवी होती. दुसरा म्हणे, बघा, एकट्यादुकट्याने नियम बदलू नका असं त्याने स्वतः सांगितलंय. मृत्युपत्रात दोन ओळी मोघम राहिल्या की भावंडांचं काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

१ एमबीच्या पानात सेकंदाला साधारण तीन ते सात व्यवहार मावतात. २०१० मध्ये हे भरपूर होतं, कारण पानं रिकामीच असायची. २०१५ येईपर्यंत ती भरत आली.

मार्च २०१३ ची रात्र

युद्धाकडे जाण्याआधी एक घटना सांगायला हवी, कारण माणसं एकत्र येऊन निर्णय कसा घेतात याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

मार्च २०१३ मध्ये प्रोग्रामची ०.८ ही नवी आवृत्ती बरेच जण वापरायला लागले होते. तिच्यात माहिती साठवायची पद्धत बदलली होती. जुन्या पद्धतीत एक अडचण दडलेली होती आणि ती कुणालाच ठाऊक नव्हती. ११ मार्चच्या रात्री एक मोठा ब्लॉक आला. नव्या आवृत्तीने तो घेतला, जुनीने नाकारला. एका वहीच्या दोन वह्या झाल्या, कुणी न ठरवता.

विकासक आणि मोठ्या मायनिंग पूलचे चालक तातडीने चॅटवर जमले. मायनिंगची जास्त ताकद नव्या वहीमागे होती, म्हणजे सरळ हिशोबाने ती पुढे जायला हवी होती. पण बरीच दुकानं, एक्स्चेंज आणि साधे वापरणारे जुन्यावर होते. त्या सगळ्यांना रातोरात अपडेट करायला लावणं अशक्य होतं. उलट दोनतीन मोठे पूल मागे फिरले तर काही तासांत जुनी वही पुढे जाणार होती. पूलचालकांनी ते केलं. नव्या वहीवर त्यांनी मिळवलेली नाणी त्या निर्णयाने शून्य झाली. २४ ब्लॉक वाया गेले आणि साधारण सहा तासांत वही पुन्हा एक झाली. नंतर गॅविन अँड्रेसन यांनी या प्रकाराचा पंचनामा लिहिला. तोसुद्धा बिप म्हणून, क्रमांक ५०.

त्या रात्री मतदान झालं नाही. मोजकी माणसं होती, एकमेकांना ओळखत होती, आणि सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती. असं असलं की सहमती सोपी जाते. दोन वर्षांनी यातलं काहीच उरलं नव्हतं.

दोन सामान्य माणसं

गॅविन अँड्रेसन हे साधे विकासक नव्हते. सातोशीने जाताना प्रोग्रामची सूत्रं त्यांच्याकडे दिली होती. २०१५ च्या मे महिन्यात त्यांनी लेख लिहून सांगायला सुरुवात केली, की मर्यादा वाढवायलाच हवी. ऑगस्टमध्ये त्यांनी आणि माइक हर्न यांनी बिटकॉइन एक्सटी नावाची आवृत्ती काढली. तिच्यात बिप १०१ होता. आधी ८ एमबी, मग दर दोन वर्षांनी दुप्पट. शेवटच्या १००० ब्लॉकपैकी ७५० ब्लॉकमध्ये मायनरांनी होकाराची खूण केली, की बदल लागू व्हायचा.

बहुतेक मुख्य विकासक विरोधात गेले. त्यांचं म्हणणं असं होतं. पान मोठं झालं की वही मोठी होते. वही मोठी झाली की ती उतरवून घ्यायला, साठवायला आणि तपासायला जास्त खर्च येतो. मग घरी बसून तपासणी करणारे कमी होतील आणि ते काम काही कंपन्यांच्या डेटा सेंटरांकडे जाईल. तपासणारेच मूठभर उरले तर ही दुसरी एक बँकच झाली.

हे मला पटायचं, आणि पटायचं कारण अगदी घरगुती होतं. २०१७ मध्ये वही १०० जीबीच्या वर गेली होती. आमच्या ब्रॉडबँडला महिन्याची एफयूपी मर्यादा होती. मी पहिल्यांदा नोड लावला तेव्हा आठवड्यातच ती संपली आणि घरभराचा स्पीड कासवासारखा झाला. दोन रूममेट महिनाअखेरपर्यंत माझ्या नावाने खडे फोडत होते. पूर्ण वही उतरायला दोन महिने लागले. पानं आठपट मोठी झाली असती तर माझा लॅपटॉप पहिल्याच महिन्यात गळाठला असता.

मोठ्या ब्लॉकवाल्यांचं म्हणणंही साधंच होतं. पानात जागा कमी आणि नोंदी जास्त झाल्या, की जागेचा लिलाव होतो. ज्याची फी जास्त त्याची नोंद आधी. मग ज्याला थोडे पैसे पाठवायचे आहेत तो बाहेर पडतो. ज्या वहीत नोंद करायला परवडत नाही, ती घरी तपासता आली काय आणि न आली काय!

आज मागे वळून बघताना मला वाटतं, दोन्ही बाजू सामान्य माणसासाठीच भांडत होत्या. फक्त एकीच्या डोळ्यांसमोर तपासणारा सामान्य माणूस होता आणि दुसरीच्या डोळ्यांसमोर वापरणारा. तेव्हा मात्र कुणाला असं शांतपणे म्हणायची सवड नव्हती. एक्सटीचा प्रचार करणाऱ्या पोस्ट काही मोठ्या चर्चास्थळांवरून उडवल्या गेल्या, एक्सटी चालवणाऱ्या नोडवर हल्ले झाले. जानेवारी २०१६ मध्ये माइक हर्न यांनी हा प्रयोग फसला असं जाहीर केलं, आपली नाणी विकली आणि ते निघून गेले.

बंद खोलीतले करार

डिसेंबर २०१५ मध्ये हाँगकाँगला परिषद भरली. तिथे पीटर व्हिल या विकासकाने मधला मार्ग मांडला. त्याचं नाव सेगविट. व्यवहाराच्या नोंदीत सह्यांनी बरीच जागा जाते. त्या सह्या पानाच्या मुख्य भागातून काढून शेजारी वेगळ्या ठेवायच्या. जुने नोड तो भाग मोजतच नाहीत, म्हणून त्यांच्या दृष्टीने १ एमबीचा नियम पाळला जातो, आणि प्रत्यक्षात जास्त नोंदी मावतात. म्हणजे सॉफ्ट फोर्क. जुन्या वॉचमनला काही कळायची गरज नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये हाँगकाँगलाच काही विकासक आणि मोठे मायनर रात्री उशिरापर्यंत एका खोलीत बसले आणि करार झाला. मायनरांनी सेगविट घ्यायचं, त्या विकासकांनी नंतर ब्लॉक मोठा करणारा हार्ड फोर्क लिहून द्यायचा. पण खोलीत नसलेले विकासक म्हणाले, आम्ही कुठे सही केलीय? हा प्रश्न रास्त होता. ज्या समाजात कुणी कुणाचा प्रतिनिधी नाही, तिथे करार करायचा कुणी?

सेगविटचा प्रोग्राम ऑक्टोबर २०१६ मध्ये आला. त्यात अट होती, की साधारण दोन आठवड्यांच्या २०१६ ब्लॉकपैकी ९५ टक्के ब्लॉकमध्ये मायनरांनी होकाराची खूण करावी. मुळात ही खूण म्हणजे ‘आम्ही तयार आहोत’ एवढं कळवायची सोय होती. पण ९५ टक्के म्हणजे सहा टक्केवालाही अडवू शकतो. मायनरांना उमगलं, की आपल्या हातात नकाराधिकार आला आहे. महिने गेले, खुणा तिशीच्या आसपास घुटमळत राहिल्या.

याच काळात शेजारच्या इथेरियमने उलटं करून दाखवलं होतं. जून २०१६ मध्ये तिथल्या ‘द डीएओ’ या सामुदायिक गुंतवणूक निधीतल्या त्रुटीचा फायदा घेऊन कुणीतरी ३६ लाख इथर वळवून घेतले. महिनाभरात एक मतदान झालं. ज्याच्याकडे जितके इथर तितकं त्याच्या मताचं वजन. ८७ टक्क्यांच्या आसपास कौल हार्ड फोर्कच्या बाजूने पडला, पण मतदानात उतरलेले इथर एकूण इथरच्या सहा टक्क्यांहूनही कमी होते. २० जुलैला हार्ड फोर्क झाला आणि पैसे परत फिरवले गेले. ज्यांना हे मान्य नव्हतं त्यांनी जुनी वही चालूच ठेवली. तीच इथेरियम क्लासिक. इथेरियममध्ये जनक विटालिक ब्युटेरिन हजर होता आणि लोकांना बदलाची सवय होती. तरीही घर फुटायचं ते फुटलंच. बिटकॉइनवाल्यांनी हे बघितलं आणि ज्याने त्याने आपल्याला हवा तो धडा घेतला.

एक ऑगस्ट

फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘शाओलिनफ्राय’ असं टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी एक प्रस्ताव मांडला. त्यातून बिप १४८ तयार झाला. कल्पना धाडसी होती. मायनर मत देत नाहीत ना, मग तपासणाऱ्यांनीच तारीख ठरवायची. १ ऑगस्ट २०१७ पासून, ज्या ब्लॉकवर सेगविटची खूण नसेल तो आमचे नोड नाकारतील. काही लोक लष्करी छापाच्या टोप्या घालून परिषदांना हिंडू लागले.

मे महिन्यात दुसऱ्या बाजूने मोठी खेळी झाली. २३ मे रोजी न्यूयॉर्क करार जाहीर झाला. त्यावर २२ देशांतल्या ५८ कंपन्यांची नावं होती आणि मायनिंगची ८३.२८ टक्के ताकद आपल्यामागे आहे असा दावा होता. ठरलं असं, की आधी सेगविट लागू करायचं आणि सहा महिन्यांत २ एमबीचा हार्ड फोर्क करायचा. ज्या ‘बिटकॉइन कोअर’चा प्रोग्राम बहुतेक नोड चालवत होते, त्यांचे विकासक या करारात नव्हते.

मी बिप १४८ चालवायचं ठरवलं. त्या निर्णयाचा आता अभिमान वाटत नाही आणि लाजही नाही. धोका खरा होता. मायनर आले नसते तर माझा नोड एका ओसाड वहीवर एकटाच बसला असता. माझे दोन हजार रुपये होते म्हणून मी शूर होतो. ज्यांच्या आयुष्याची कमाई त्यात होती अशी माणसंही त्या टोपीवाल्यांत होती.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. नोडची नुसती संख्या वाढवून काही होत नाही. माझा नोड मला खोट्या पानापासून वाचवतो, पण दुसऱ्यावर दबाव तेव्हाच आणतो, जेव्हा मी त्या नोडच्या भरवशावर कुणाकडून पैसे स्वीकारतो. माझ्याकडून कुणी काही विकत घेत नव्हतं. एखाद्या एक्स्चेंजचा एक नोड माझ्यासारख्या हजारांपेक्षा वजनदार होता. हे ‘एक माणूस, एक मत’ नव्हतं, आणि तसा समज करून घेणं ही माझी चूक होती.

जुलैत बिप ९१ नावाची पळवाट निघाली. जेम्स हिलियार्ड यांनी ती लिहिली होती. ३३६ ब्लॉकपैकी २६९ ब्लॉकमध्ये, म्हणजे ८० टक्के, खूण आली की मायनर स्वतःच सेगविटची खूण नसलेले ब्लॉक नाकारायला लागतील. ही अट जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पुरी झाली. त्यामुळे १ ऑगस्टची टक्कर टळली. मायनर टोपीवाल्यांना घाबरून आले की न्यूयॉर्क करारामुळे, यावर आजही दोन्ही बाजू आपापलं श्रेय सांगतात.

१ ऑगस्टला वही फुटली, पण वेगळ्याच रेषेवर. ज्यांना सेगविटही नको होतं आणि मोठा ब्लॉक आजच हवा होता, त्यांनी ८ एमबीची मर्यादा घेऊन बिटकॉइन कॅश सुरू केलं. त्या दिवशी मी ऑफिसातून आल्यावर स्क्रीनसमोरच बसलो होतो. त्यांचा पहिला ब्लॉक यायला कित्येक तास लागले. आपल्याकडे मध्यरात्र व्हायच्या थोडं आधी तो आला, जवळपास १.९ एमबीचा. मला विजयाचा आनंद व्हायला हवा होता. प्रत्यक्षात वाटलं ते असं, की ज्यांच्याशी दोन वर्षं तावातावाने भांडलो ती माणसं उठून गेली, आणि जाताना वहीची अख्खी प्रत सोबत घेऊन गेली. २४ ऑगस्टला, ब्लॉक क्रमांक ४८१८२४ वर, बिटकॉइनमध्ये सेगविट लागू झालं.

न झालेला बदल

न्यूयॉर्क कराराचा दुसरा भाग, म्हणजे २ एमबीचा हार्ड फोर्क, नोव्हेंबरच्या मध्यावर व्हायचा होता. कंपन्या होत्या, मायनर होते. पण वापरणारे आणि विकासक हलायला तयार नव्हते. एका एक्स्चेंजवर न झालेल्या फुटीच्या दोन्ही नाण्यांचे वायदे चालत होते, आणि तिथे नव्या नाण्याला जुन्याच्या मानाने फारच कमी भाव मिळत होता. ज्यांना मत द्यायला जागा नव्हती त्यांनी पैशाने मत दिलं म्हणा.

८ नोव्हेंबर २०१७ रोजी माइक बेल्शी, जेफ गार्झिक, जिहान वू यांच्यासह सहा जणांनी पत्र काढून फोर्क थांबवला. पुरेशी सहमती झालेली नाही, पुढे गेलो तर समाज फुटेल, असं त्याचं कारण होतं. सात वर्षांपूर्वी सातोशीने ज्याचा बदल नाकारला होता तोच हा गार्झिक. या खेपेचा प्रोग्राम त्याच्याच देखरेखीखाली लिहिला गेला होता. ज्या थोड्यांनी तो नंतरही चालू ठेवला, त्यांचे नोड ठरलेल्या ब्लॉकच्या दोन पानं आधीच अडकून पडले. प्रोग्राममध्ये मोजणीची चूक होती. म्हणजे ८३ टक्के ताकद आणि ५८ कंपन्या ज्यावर विसंबल्या होत्या, तो प्रोग्राम पुरेशा डोळ्यांखालून गेलाच नव्हता. मोठ्या ब्लॉकला माझा विरोध का होता याची कारणं मी आज दहा वेळा तपासून बघतो. पण हा बदल घाईने रेटला जात होता, याबद्दल मला शंका नाही.

महिनाभरात बिटकॉइनचा भाव आकाशाला भिडला. नवे लोक लोंढ्याने आले. सेगविट लागू झालं होतं, पण वॉलेट आणि एक्स्चेंज ते वापरायला वेळ लावत होते. पानं तुडुंब भरली, जागेचा लिलाव सुरू झाला. मोठ्या ब्लॉकवाले दोन वर्षं जे सांगत होते ते जसंच्या तसं घडलं, आणि माझे दोन हजार रुपये अडकले.

नंतर

त्या युद्धाने बिटकॉइनला एक सवय लावली. पुढचा मोठा बदल, टॅपरूट, नोव्हेंबर २०२१ मध्ये लागू झाला. त्याला उघड विरोध जवळपास कुणाचाच नव्हता. तरीसुद्धा तो लागू कसा करायचा, शेवटचा शब्द मायनरांचा की नोडचा, यावर महिनोनमहिने खल झाला. शेवटी ९० टक्के खुणा आणि तीन महिन्यांची मुदत असा तोडगा निघाला. इथेरियम दुसऱ्या वाटेने गेलं. तिथे ठरावीक काळाने विकासकांच्या खुल्या बैठका होतात, हार्ड फोर्क नेहमीचे झालेत, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी मायनिंगच बंद करून विजेचा वापर ९९ टक्क्यांहून जास्त घटवला. बिटकॉइनमध्ये असं काही होईल अशी मला सुतराम शक्यता दिसत नाही.

मला विचाराल तर बिटकॉइनच्या या सगळ्या कारभारात ‘हो’ म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. विकासक सगळ्यांच्या वतीने हो म्हणू शकत नाहीत, मायनर नाही, कंपन्या नाहीत. प्रत्येकाकडे आहे तो फक्त ‘नाही’. विकासक लिहायला नकार देतो, मायनर खूण करायला, नोड पान घ्यायला, आणि सगळ्यात शेवटी माणूस वही सोडून जातो. बदल तेव्हाच होतो जेव्हा सगळ्यांचे नकार संपतात. यातून एक भक्कम वही तयार होते, जी ५८ कंपन्या मिळूनही वाकवू शकल्या नाहीत. आणि नकारांची वाट बघण्याचा खर्च ज्याच्या खिशात सगळ्यात कमी आहे त्याच्यावर आधी पडतो.

२०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत गर्दी ओसरली आणि फी उतरली. एका रविवारी मी त्या मित्राला थोडं बिटकॉइन पाठवून बघितलं, काही रुपयांत गेलं. त्याला कारण सांगितलं नाही. जुना लॅपटॉप पुढे एका पावसाळ्यात बंद पडला. मागच्या वर्षी मी पुन्हा नोड लावलाय. आता फायबर आहे, एफयूपीची कटकट नाही, वही आठवड्याच्या आत उतरली. रूममेट नाहीत, बायको आहे. तिने विचारलं, हे यंत्र रात्रंदिवस काय करत असतं? मी म्हटलं, तपासतंय. ती म्हणाली, आणि चूक सापडली तर?

तर ते पान घेणार नाही, मी म्हटलं. एवढंच त्याच्या हातात आहे.